प्रयोगपद्धतीची दोन दिवसांची कार्यशाळा: चिठ्ठी उत्तम शिकवली, उंबरठा राहून गेला

सामाजिक संशोधनातली प्रयोगपद्धती पुण्यात, मराठीतून, दोन दिवसांत शिकवतात असं कळलं आणि मी लगेच नाव नोंदवलं. शुल्क ३,२०० रुपये. त्यात दोन्ही दिवसांचं जेवण, चहा आणि एक छापील पुस्तिका. राहण्याची सोय नाही, ती आपली आपण करायची. संस्था लहान आहे, मोजक्या तुकड्या घेते. माझ्या तक्रारी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत, म्हणून इथे नाव लिहीत नाही. अशा कार्यशाळा आता बऱ्याच ठिकाणी होतात. पैसे भरण्याआधी काय विचारावं, हे कळायला तरी हे परीक्षण उपयोगी पडावं.

मी मराठवाड्यात सर्वेक्षणाचं काम करते. आधी दारोदार फॉर्म भरायचे, आता पर्यवेक्षक आहे. शाळा, आरोग्य, बचतगट अशा विषयांवर जे आरसीटी म्हणून, म्हणजे चिठ्ठी टाकून गट पाडून, अभ्यास चालतात, त्यांची माहिती आमच्यासारखे लोक गोळा करतात. गावं कशी निवडली, या गावाला कार्यक्रम का आणि शेजारच्याला का नाही, हे आम्हाला सहसा कुणी समजावून सांगत नाही. यादी येते, टॅब येतो, आम्ही निघतो. पण गावात प्रश्न आम्हालाच विचारले जातात. मला त्याची उत्तरं हवी होती.

माझं मत आधीच सांगते. पैसे वाया गेले नाहीत. पहिला दिवस फार चांगला होता, दुसरा निम्माच झाला असं म्हणेन.

पहिल्या सकाळी सरांनी व्याख्या सांगितली नाही. हजेरीचा कागद दोघांच्या हातात दिला, एक एम.ए.चा विद्यार्थी आणि एक निवृत्त मुख्याध्यापक बाई, आणि म्हणाले, "आपण तीसेक जण आहोत. तुमच्या अंदाजाने दोन सारखे गट करा." दोघांनी मन लावून वाटणी केली. बायका-पुरुष सारखे, तरुण आणि पन्नाशीपुढचे सारखे. मग सरांनी प्रश्न विचारून हात वर करायला लावले. घरी इंग्रजी पेपर येतो का? आज पुण्याबाहेरून कोण आलं? घरची शेती कुणाची आहे? शेतीवाले जवळपास सगळे एकाच गटात निघाले. वाटणी करणाऱ्यांना ते माहीत नव्हतं आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं.

मग नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या, हलवल्या आणि त्यातून गट केले. या वेळी शेतीवाले दोन्हीकडे वाटले गेले, पण इंग्रजी पेपरवाले एका बाजूला झुकले. सर तिथे थांबले नाहीत. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा मोजणी, फळ्यावर आकडे. प्रत्येक वेळी काही ना काही कमीजास्त होतच होतं. तीस माणसांत चिठ्ठी अशी एका बाजूला जाऊ शकते. माणसं वाढत गेली की हे झुकणं कमी होतं. मग आपल्याला माहीत असलेलेच नव्हे, कधी मनातही न आलेले फरकसुद्धा दोन्ही गटांत साधारण सारखे पडतात. अभ्यासाला इतकी गावं का लागतात, एवढ्या लांबच्या वाड्यावस्त्या यादीत का येतात, हे मला त्या डब्यामुळे नीट कळलं. कितीतरी जण यासाठी आधी सूत्र लिहितात. इथे सूत्र शेवटी आलं, तोवर सगळ्यांना त्याचा अर्थ लागला होता.

याचा उगम शेतात आहे, हेही सरांनी छान सांगितलं. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ही विचारपद्धती बसवली. एकाच शेतात वरची पट्टी हलकी असते, खालची भारी. खत खालच्या पट्टीत टाकलं आणि पीक चांगलं आलं, तर श्रेय खताचं की जमिनीचं? म्हणून कोणत्या तुकड्यात खत टाकायचं ते नशिबावर सोडायचं. आमच्या गटात शेतकऱ्यांची मुलं बरीच होती. त्यांना हे पुन्हा सांगावं लागलं नाही.

गट सारखे झाले आणि एकालाच कार्यक्रम मिळाला, तर शेवटी दिसणाऱ्या फरकाचं कारण तो कार्यक्रम आहे असं म्हणता येतं. साध्या सर्वेक्षणातून हे निघत नाही. शिकवणीला जाणाऱ्या मुलांना गुण जास्त आहेत, एवढंच सर्वेक्षण सांगेल. शिकवणीने गुण वाढले, की मुळात शिकवणीला पाठवू शकणारी घरंच वेगळी, हा गुंता तसाच राहतो. प्रयोगाचं मुख्य बळ इथे आहे. हाच अभ्यास दुसऱ्याने दुसरीकडे जसाच्या तसा करून पाहता येतो, हे दुसरं बळ.

उदाहरण म्हणून बालसखीचा अभ्यास घेतला आणि तो घाईत उरकला नाही, याचं मला फार बरं वाटलं. मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिकेच्या शाळांत 'प्रथम' संस्थेचा हा कार्यक्रम होता. तिसरी-चौथीत गेलेल्या पण वाचन आणि साधं गणित न येणाऱ्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज साधारण दोन तास वेगळं बसवून शिकवायची. पंधरा-वीस मुलांचा गट, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं मूल्यमापन केलं, ते २००७ साली प्रसिद्ध झालं. पहिल्या वर्षी परीक्षेतले गुण ०.१४ प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांत किती फरक असतो त्याचं हे माप) वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर त्यातला बराचसा फायदा ओसरला, साधारण ०.१० उरला. हा शेवटचा आकडाही सरांनी फळ्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिला. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, एवढंच आपल्याकडे सगळीकडे सांगितलं गेलं. मुंबईच्या पालिका शाळांतल्या या कामाबद्दल मी तेव्हा काहीच वाचलं नव्हतं.

वडोदऱ्याची रचना मात्र इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ती लागणार आहे. तिथे निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला दिली आणि निम्म्या शाळांत चौथीला. दुसऱ्या वर्षी अदलाबदल केली. म्हणजे बालसखी प्रत्येक शाळेला मिळाली. एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या बालसखी नसलेल्या तिसरीशी ताडून पाहायची. कोणत्याही मुख्याध्यापकाला "तुमच्या शाळेला काहीच नाही" असं सांगावं लागलं नाही.

जेवणाआधीचं सत्र अर्जांच्या प्रयोगावर होतं, आणि दोन दिवसांतलं ते सर्वांत उत्तम सत्र. मॅडमनी प्रत्येकाला एकेक अर्ज दिला. सगळ्यांचं शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नाव वेगळं. "या माणसाला मुलाखतीला बोलवाल का?" एवढाच प्रश्न. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. मग त्यांनी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास समोर ठेवला. थोरात मूळचे अमरावती जिल्ह्यातले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. अभ्यास २००७ साली मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, आडनावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणं येण्याचे ऑड्स, म्हणजे येणं आणि न येणं यांचं प्रमाण, ०.६७ पट निघाले आणि मुस्लिम नावाच्या उमेदवाराला ०.३३ पट.

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या कित्येकांना हे आयुष्यभर माहीत आहे. पण माहीत असणं आणि समोरच्याला ते नाकारता न येणं यात अंतर आहे. "तुमचा गुणच कमी असेल" हे उत्तर इथे देता येत नाही, कारण गुण सारखेच ठेवले होते. मॅडमनी त्याला जोडून त्याच काळातलं सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचं काम सांगितलं. त्यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. अधिकारी गुणवत्तेबद्दल बोलत आणि त्याच ओघात उमेदवाराची 'घरची पार्श्वभूमी' पाहतो असंही सांगत. फक्त मुलाखती घेतल्या असत्या तर गुणवत्तेची भाषा ऐकू आली असती. नुसता प्रयोग केला असता तर फरक दिसला असता, पण तो कोणत्या वाटेने येतो ते कळलं नसतं. दोन्ही शेजारी ठेवून शिकवणं ही या कार्यशाळेची मोठी जमेची बाजू.

त्या प्रयोगाच्या मर्यादाही मॅडमनी स्वतःहून सांगितल्या. बोलावण्यापर्यंतचाच टप्पा यात मोजता येतो. पुढे मुलाखतीत काय होतं, पगार किती ठरतो, ते नाही. ज्या नोकऱ्या जाहिरातीशिवाय, ओळखीपाळखीतून भरल्या जातात, त्या यात येतच नाहीत. शिवाय अर्ज खोटे होते आणि कंपन्यांना ते माहीत नव्हतं. संमती मागितली असती तर प्रयोगच झाला नसता. एका मुलाने विचारलं, "मग हे योग्य आहे का?" मॅडम म्हणाल्या, त्यांच्या मते योग्य, कारण नुकसान थोडं आणि दुसऱ्या कुठल्याही मार्गाने हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं, पण हा निर्णय संशोधकाने एकट्याने घेऊ नये, आधी बाहेरच्या समितीपुढे ठेवावा. मला हे पटलं.

दुपारच्या सत्रात नैसर्गिक प्रयोग होते, म्हणजे संशोधकाने काही न करता परिस्थितीनेच दोन गट पाडलेले. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांचा २००४ चा पंचायतींवरचा अभ्यास घेतला. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश सरपंचपदं स्त्रियांसाठी राखीव झाली, आणि ती कोणत्या पंचायतीत हे नशिबावर ठरलं. पश्चिम बंगालचा बीरभूम आणि राजस्थानचा उदयपूर असे दोन जिल्हे घेतले. राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, दोन्ही ठिकाणी. रस्त्यांवर मात्र बंगालमध्ये जास्त आणि राजस्थानात कमी. त्या त्या भागातल्या बायका ज्या तक्रारी घेऊन पंचायतीत येत होत्या, त्यांच्याशी हे जुळणारं होतं.

इथे हॉल एकदम बोलायला लागला. सरपंच आरक्षणाची सोडत तहसीलला कशी निघते ते आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. नांदेडकडच्या एका ताईंनी तर सांगितलं, सोडतीच्या दिवशी त्यांच्या सासऱ्यांचा फॉर्म तयार होता आणि संध्याकाळी त्यांचा स्वतःचा भरायची तयारी सुरू झाली. पाच वर्षं त्या सरपंच होत्या. पहिलं वर्ष सही कुठे करायची ते सासरे दाखवत, तिसऱ्या वर्षी ग्रामसेवक थेट त्यांच्याकडे येऊ लागला. अशा बदलाला वेळ लागतो, आणि तो मोजायचा तर केव्हा मोजायचा, हा प्रश्न त्यातून आपोआप निघाला. सरांनी वेळापत्रक बाजूला ठेवून ती चर्चा चालू दिली. चांगल्या शिक्षकाची ओळख पटते ती अशा वेळी.

दुसरा दिवस. सकाळचं सत्र प्रसिद्ध प्रयोगांवर होतं आणि ते लांबलं. मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम यांचा येल विद्यापीठातला प्रयोग, वरून सांगितलं म्हणून माणसं दुसऱ्याला विजेचे झटके (खरं तर खोटे) देतात का हे पाहणारा, त्यात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, याची चित्रफीत. मग मानसशास्त्रज्ञ झिंबार्डोंचा स्टॅनफर्डचा तुरुंग, विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलेला, त्याचीही चित्रफीत. ऑगस्ट १९७१, २४ विद्यार्थी, रोजचे १५ डॉलर, दोन आठवड्यांचा बेत आणि सहाव्या दिवशी बंद. माणसाला सत्ता मिळाली की तो क्रूर होतो, हा निष्कर्ष म्हणून तो शिकवला गेला. माझी पहिली गंभीर तक्रार इथे आहे. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधक तिबो ल तेक्सिए यांनी जुन्या नोंदी आणि ध्वनिफिती तपासून दाखवलं की पहारेकऱ्यांनी कडक वागावं म्हणून आयोजकांकडूनच सूचना दिल्या जात होत्या. इतक्या वर्षांनी तो प्रयोग शिकवायचा, तर ही बाजू सांगायलाच हवी. शिवाय तिथे तुलनेला तिसरा गट नव्हता. वेगळ्या सूचना दिलेला दुसरा तुरुंग असता तर काही ताडून पाहता आलं असतं. आदल्या दिवशी चिठ्ठीच्या डब्यावर जे इतकं मन लावून शिकवलं, त्याच कसोटीवर हा प्रयोग घासून पाहायची ही संधी होती. ती गेली. चित्रफिती पाहताना सगळे रंगून गेले होते, हे खरं, पण दोन तास त्यात गेले आणि ते पुढच्या सत्रातून कापले गेले.

हॉथॉर्नवर त्या मानाने बरं बोलणं झालं. शिकागोजवळच्या सिसेरोमधला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना, १९२४ पासून उजेड कमीजास्त करून उत्पादन मोजलेलं, आणि आपल्यावर लक्ष आहे म्हणून कामगार वेगळे वागले हा त्यातून निघालेला अर्थ. २०११ मध्ये अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांनी उजेडाच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा पुस्तकांत सांगतात तितका ठळक परिणाम त्यात दिसला नाही, हेही सरांनी सांगितलं. हीच काटेकोर नजर स्टॅनफर्डला का लावली नाही, कळलं नाही.

लक्ष ठेवल्याने माणूस बदलतो, हे मी मात्र रोज पाहते. पहिल्या फेरीला आम्ही विचारतो, "घरात मुलांना वाचायला पुस्तकं आहेत का?" बाई आत जाते, पत्र्याच्या पेटीतून कपड्यांखालची जुनी बालभारती काढते, पदराने पुसून दाखवते. वर्षाने शेवटच्या फेरीला गेलं, की तीच बालभारती आमच्या आधीच खाटेवर उशाशी ठेवलेली असते. ती बाई खोटं बोलत नाही. आपण विचारलं म्हणजे ही गोष्ट महत्त्वाची असणार, असं तिने ओळखलेलं असतं. कार्यक्रम मिळालेल्या गावातही हे होतं आणि न मिळालेल्या गावातही. सरांना मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, दोन्ही गटांत सारखंच झालं तर फरक टिकतो. बरोबर आहे. पण ज्या गावाला संस्थेच्या ताई वर्षभर येऊन "पुस्तक वाचा" सांगत होत्या, तिथली बाई काय उत्तर द्यायचं ते जास्त चांगलं शिकलेली असते. तो फरक गुणांत येतो की सवयीत, हे टॅबवर कळत नाही. त्यावर बोलायला वेळ उरला नव्हता.

आणि आता ज्यासाठी मी गेले होते ते. 'क्षेत्रातल्या अडचणी व नैतिकता' असं सत्र वेळापत्रकात दीड तासाचं होतं. प्रत्यक्षात ते चित्रफितींमुळे पाऊण तासाचं झालं आणि त्यातलाही बराच वेळ संमतीपत्रात काय काय असावं हे वाचून दाखवण्यात गेला. संमतीपत्र महत्त्वाचं आहेच. पण गावात काय होतं? मी संमतीपत्र वाचायला लागते, दुसऱ्या वाक्याला बाई विचारते, "कुठं सही करू?" तिला वाटतं योजना आली. आधार कार्ड आणायला ती मुलाला आत पिटाळते. मी म्हणते, "मावशी, योजना नाही, नाही म्हणालात तरी चालतं." ती हसून म्हणते, "नाही कशाला म्हणू?" नाव गळेल या भीतीने ती होकार देते. ही संमती आहे का, आणि नसेल तर मी काय करायचं, हे कुणीतरी शिकवायला हवं होतं.

याच सत्रात उत्तर प्रदेशातल्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांच्या प्रयोगाची एक स्लाइड आली आणि गेली. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नाही तेव्हा उच्च आणि निम्न मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी सारखी होती. सगळ्यांसमोर नावाबरोबर जात उच्चारली, की निम्न मानलेल्या जातींची मुलं मागे पडली. हा निष्कर्ष अतिशय मोलाचा आहे. शिक्षकांनी हजेरी कशी घ्यावी, शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात उभं करून भरून घ्यावेत का, याचं उत्तर त्यात आहे. पण त्या खोलीत ज्या मुलाची जात मोठ्याने वाचली गेली आणि मग हात अडखळला, तो घरी काय घेऊन गेला? नैतिकतेचं सत्र चालू असताना या एका मुलावर अर्धा तास थांबायला हवं होतं. शाळेत ते रोज होतंच, संशोधकांनी वेगळं काय केलं, असाही युक्तिवाद होऊ शकतो. झाला असता तर मी ऐकला असता.

गळतीबद्दल, म्हणजे एका गावचा कार्यक्रम दुसऱ्या गावात झिरपण्याबद्दल, पुस्तिकेत दोन ओळी आहेत. आमच्या एका अभ्यासात काही गावांतल्या आयांना मुलांना घरी शिकवण्यासाठी चित्रकार्डं दिली होती. तुलनेसाठी ठेवलेल्या एका गावात मी गेले, तर ओसरीवर एक मुलगा तीच कार्डं पसरून बसलेला. काळीपांढरी, कडा नीट न कापलेली. त्याची आत्या कार्यक्रमाच्या गावात दिलेली, तिने बाजारच्या दिवशी झेरॉक्स काढून पाठवली होती. मी शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहिलं, कारण फॉर्ममध्ये त्यासाठी प्रश्नच नव्हता. अशा वेळी दोन गावांतला फरक कमी दिसतो आणि कार्यक्रम फारसा चालला नाही असा निष्कर्ष निघू शकतो, जेव्हा खरं तर तो इतका आवडला की लोकांनी स्वखर्चाने पुढे नेला. नात्यागोत्याने बांधलेल्या गावांत ही गोष्ट दोन ओळींची नाही.

त्याच गावात, कार्डं घेऊन बसलेल्या त्या मुलाच्या आईने मला विचारलं, "ताई, त्या गावाला दिलं ते आमच्या गावाला कधी?" हा प्रश्न तुलनेच्या गावांत प्रत्येक पर्यवेक्षकाला विचारला जातो. आम्हाला सूचना असते की काही आश्वासन देऊ नका. मी सत्रात उठून हेच विचारलं. सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की शक्य असेल तिथे टप्प्याटप्प्याने सगळ्यांना देण्याची रचना करावी, आज नाही त्यांना वर्षाने. म्हणजे वडोदऱ्याचीच वाट! आदल्या दिवशी ती त्यांनी उत्तम शिकवली होती, पण संशोधकाच्या सोयीची युक्ती म्हणून. माझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईला "पुढच्या वर्षी" असं खरं उत्तर देता येणं, हा त्या रचनेचा केवढा मोठा गुण आहे, तो धागा कुणी जोडला नाही. मी तरी आता कोणत्याही नव्या अभ्यासाच्या पहिल्या बैठकीत हेच विचारणार: तुलनेच्या गावांना केव्हा मिळणार?

शेवटी केनियाचं उदाहरण झालं, ते थोडक्यात पण नेमकं. कंत्राटी शिक्षक नेमण्याचा कार्यक्रम स्वयंसेवी संस्थेने राबवला तिथे मुलांचे गुण वाढले, सरकारने राबवला तिथे परिणाम दिसला नाही. एका ठिकाणी सिद्ध झालं म्हणजे सगळीकडे चालेल असं नाही, हे अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन आणि तत्त्वज्ञ नॅन्सी कार्टराइट का बजावत आले आहेत, ते यातून पुरेसं कळतं. जिल्हा परिषदेत काम करणाऱ्या दोघा-तिघांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं.

पुस्तिका साठेक पानांची आहे, छपाई स्वच्छ, मराठी सोपं. मात्र गुणदोषांचा जो तक्ता दिलाय तो परीक्षेसाठी आहे: डावीकडे सहा गुण, उजवीकडे सहा दोष. सेट-नेटच्या विद्यार्थ्यांना चालेल. स्लाइड्स इंग्रजीत होत्या, बोलणं मराठीत. स्लाइड्सही मराठीत केल्या तर खेड्यातून येणाऱ्यांची वही निम्म्या वेळात भरेल. हॉल कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, पंखे चांगले, शेवटच्या रांगेत आवाज पोचत नाही. जेवण साधं आणि चवीचं.

एम.ए.चे विद्यार्थी, तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आणि संस्थांमध्ये कार्यक्रम आखणारे यांनी जरूर जावं. फक्त नाव नोंदवताना फोन करून विचारावं, की क्षेत्रातल्या कामाचं सत्र किती वेळाचं आहे आणि ते घेणारी व्यक्ती स्वतः गावात गेलेली आहे का. माझ्यासारख्या फॉर्म भरणाऱ्यांसाठी ही कार्यशाळा अजून तयार झालेली नाही. मी आयोजकांना सुचवलंय, की चित्रफिती पहिल्या दिवशी संध्याकाळी, ज्यांना पाहायच्या त्यांनी पाहाव्यात, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ दोन अनुभवी सर्वेक्षकांना द्यावी. मानधन देऊन. त्यांनी विचार करतो म्हटलंय. शुल्कात सवलत मागितली तर मिळते, विद्यार्थ्यांनी ओळखपत्राची प्रत पाठवावी. पावती मात्र मागून घ्यावी लागते, आपणहून देत नाहीत.